आधी कडा बंद करा : लाकडी होड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

लहान लाकडी होड्या बांधणं, दुरुस्त करणं आणि शिडावर चालवणं या विषयावर वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत. प्रत्येक पत्राखाली फक्त गावाचं नाव दिलं आहे.

प्रश्न : आम्ही पाच मित्र उद्यमनगरातल्या एका गाळ्यात रविवारी जमतो. सुतारकाम बेताचं येतं, लोखंडी कामाला मात्र हात बसलेला आहे. पहिली होडी किती फुटी बांधावी, कशाची बांधावी आणि सामान किती लागेल?
– कोल्हापूर

दहा ते बारा फुटांची, सपाट तळाची प्लायवूडची होडी घ्या. आठ फुटांत दोन मोठी माणसं नीट बसत नाहीत, आणि सोळा फुटांची होडी गाळ्यातून बाहेर काढतानाच घाम फोडते. घरात मुलं असतील तर ‘ऑप्टिमिस्ट’ची माहिती जरूर काढा. अमेरिकेतल्या क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये आखलेली ही 2.36 मीटर लांबीची शिडाची होडी आज जगभर मुलं चालवतात. पण ती एका मुलापुरतीच आहे. मोठ्यांसाठी बारा फुटी होडीचा तयार आराखडा विकत घ्या. पहिल्याच होडीचा आराखडा स्वतः काढायच्या फंदात पडू नका.

बांधायची पद्धत म्हणजे फळ्या तांब्याच्या तारेनं शिवायच्या आणि सांधे इपॉक्सीनं, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या रेझिननं, पक्के करायचे. यात बरगड्या वाकवाव्या लागत नाहीत, त्यामुळे नवख्यालाही जमते. बारा फुटी होडीला साधारण एवढं सामान लागेल : 6 मि.मी. जाडीचे 8 बाय 4 फुटी मरीन प्लायचे चार तक्ते (एकेक 11 ते 12 किलो भरतो), हार्डनर धरून 8 ते 10 किलो इपॉक्सी, 75 मि.मी. रुंदीची, काचेच्या धाग्यांनी विणलेली 40 मीटर पट्टी (पुढे ‘काचेची पट्टी’), 18 गेजची तांब्याची तार, वरच्या काठासाठी 20 बाय 40 मि.मी.च्या चार सरळ रेषांच्या लांब पट्ट्या, आणि बारीक चाळलेला लाकडाचा भुसा.

तक्ता आठ फुटी आणि होडी बारा फुटी, म्हणजे सांधा आलाच. दोन्ही कडा रंध्यानं उतरत्या करून एकमेकींवर चढवा. उतार जाडीच्या आठपट हवा, म्हणजे 6 मि.मी.ला 48 मि.मी. दोन्ही तक्ते पायरीसारखे एकावर एक ठेवून एकदमच रंधा मारा. प्लायच्या थरांच्या रेषा सरळ आणि समांतर दिसल्या की उतार बरोबर झाला. रेषा वाकडी गेली तर तिथे रंधा जास्त लागलाय.

शिवणीसाठी कडेपासून 8 मि.मी. आत, दर 15 सें.मी.ला 2 मि.मी.चं भोक पाडा. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, वाक जास्त असतो, तिथे भोकं 7–8 सें.मी.वर घ्या. तारा सुरुवातीला सैलच ठेवा. सगळी होडी उभी राहिली की मग थोड्या थोड्या पिळत आणा.

या टप्प्यावर घाई केली तर होडी जन्मभर वाकडी राहते, म्हणून इथे एक रविवार खुशाल जाऊ द्या. दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पुढच्या भागावर आणि एक मागच्या भागावर आडवी ठेवा आणि मागून एका डोळ्यानं बघा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक कड कलली असेल तर होडीला पीळ आहे. खालचे ठोकळे वरखाली करून तो काढा. नाळेपासून मागच्या फळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतची अंतरंही मोजा, ती सारखी यायला हवीत. मगच तारांच्या मधल्या जागेत घट्ट केलेल्या इपॉक्सीचे ठिपके द्या. ते वाळले की तारा काढा, आतल्या कोनात गोलसर भर द्या आणि त्यावर काचेची पट्टी बसवा. भरीसाठी इपॉक्सीत भुसा मिसळत जा. मिश्रण श्रीखंडासारखं झालं, चमचा उलटा केला तरी ओघळेना, की थांबा. गोलाई 25 मि.मी. त्रिज्येची ठेवा. जुन्या प्लास्टिक कार्डाचा कोपरा तेवढा गोल कापला की झालं हत्यार तयार.

पाच जण आहात तर कामं वाटून घ्या, पण इपॉक्सी मिसळायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. डिजिटल काट्यावर वजन करून, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळायचं आणि प्रत्येक वेळचं वजन वहीत लिहायचं. रंगाच्या हार्डनरसारखं ‘थोडं जास्त घातलं की लवकर वाळेल’ हे इपॉक्सीला लागू नाही. जास्त घातलेला हार्डनर तसाच मऊ राहतो. एका वेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नका. एप्रिलच्या उन्हाळ्यात भरलेल्या मगात ते इतकं तापतं की धूर येतो. मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. हातमोजे प्रत्येकानं घालायचेच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

प्रश्न : दुकानदार ‘मरीन प्लाय’ म्हणून देतो ते खरंच मरीन आहे हे कसं ओळखायचं?
– इचलकरंजी

तक्त्यावर आयएसआय चिन्हासोबत आयएस 710 हा आकडा बघा. आयएस 303 हा फर्निचरचा प्लाय आहे, होडीला नको. शिक्क्यावर भागत नाही, म्हणून एक तुकडा कापून आणा. प्रमाणित चाचणीत 710 चा तुकडा 72 तास उकळतात. घरी आठ-दहा तास उकळा, सावलीत वाळवा आणि थरांच्या मध्ये पटाशी घालून उचकटायचा प्रयत्न करा. चांगल्या प्लायमध्ये लाकूड फाटतं, पण सांधा सुटत नाही. त्यानंतर तक्त्याच्या चारही कडा नीट बघा. आतल्या थरांत फटी दिसल्या तर तो तक्ता परत करा. अशा पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि तक्ता तिथेच मोडतो.

आता जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते. 710 मधला चिकटपणा पाण्याला दाद देत नाही, लाकूड मात्र पाणी पितंच. आणि ते पितं कडेनं. तक्त्याच्या तोंडावर रंगाचे पाच हात दिले आणि कडा उघड्या ठेवल्या, तर दोन पावसाळ्यांत कडेपासून काळेपणा आत सरकतो. म्हणून कापलेली प्रत्येक कड, स्क्रूचं प्रत्येक भोक, सुकाणूच्या बिजागरीची जागा, सगळीकडे पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या. पहिला हात लाकूड पिऊन टाकेल. तो चिकट असतानाच दुसरा द्या. स्क्रूचं भोक मोठं पाडून इपॉक्सीनं भरा आणि वाळल्यावर त्यातच नेमकं भोक पाडा. म्हणजे पितळी स्क्रू हलला तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. शेवटी वरून रंग किंवा व्हार्निश हवंच. उघडं इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं आणि भुगा होऊन सुटतं.

प्रश्न : पाण्याच्या टाक्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं. ते चालेल का?
– कागल

लाकडावर नको. त्याची लाकडावरची पकड कमी असते. लाकूड फुगलं-आटलं की काचेचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि मधल्या फटीत पाणी साचतं. इपॉक्सी महाग आहे, पण काटकसर करायची तर दुसरीकडे करा, इथे नको.

प्रश्न : पावसाळ्यात इपॉक्सी वाळलं, पण वर मेणचट थर आला. पॉलिश पेपर लगेच भरून जातो.
– राधानगरी

हवेतल्या दमटपणानं तो थर येतो. आधी घासू नका, नाहीतर तो खाली दाबला जातो आणि पुढचा हात धरत नाही. साधं कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन धुवा, स्वच्छ फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग पेपर मारा. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये चिकटकाम न काढणंच बरं. त्या दोन महिन्यांत वल्ही आणि सुकाणू घडवा. चिकटकामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

प्रश्न : गावात पूर्वीची फळ्यांची सोळा फुटी होडी आहे. उन्हाळाभर काठावर होती. आता फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी दिसतात. काहींचं म्हणणं, सगळ्या फटी भरून वरून फायबर मारू. काय करावं?
– शिरोळ तालुका

दोन्ही करू नका.

आधी लाकडाला पाणी पाजा. होडी सावलीत घ्या, आत गोणपाटं अंथरून दिवसातून चार-पाच वेळा भिजवा. आठवडाभर असं केल्यावर उथळ, शांत पाण्यात दोरानं बांधून सोडा. ती भरेल, भरू द्या. दोन-तीन दिवसांत बहुतेक फटी आपोआप मिटतील. कोरड्या असतानाच फटींमध्ये कापूस ठोकून बसवला, तर फळ्या फुगल्यावर त्यांना जागा उरत नाही. मग फळी बरगडीवरून खिळा उपसून काढते किंवा बरगडीच मोडते. अशा मोडलेल्या बरगड्या म्हातारपणाच्या खात्यावर लिहिल्या जातात, पण त्यातल्या बऱ्याच हौशी दुरुस्तीनं मोडलेल्या असतात.

भिजवूनही जिथून पाणी येतं, तिथे खडूनं खूण करा. होडी बाहेर काढून एक-दोन दिवस सावलीत ठेवा आणि फक्त तेवढ्याच फटी साफ करून त्यात सुती धाग्याची पिळलेली वळी बोथट पटाशीनं बसवा. धागा फळीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच जावा. वर राळ आणि जवसाचं उकळलेलं तेल गरम करून भरा. हे मिश्रण पटकन पेट घेतं, म्हणून ते उघड्यावर, मंद आचेवर करा आणि झाकण हाताशी ठेवा.

आता खिळे. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं आणि भुसभुशीत झालं असेल तर त्याच भोकात नवा खिळा धरणार नाही. जुना काढा, भोकात लाकडी खुंटी इपॉक्सीनं बसवा आणि दोन बोटं बाजूला तांब्याचा खिळा आरपार ठोकून आतून तांब्याच्या चकतीवर रिवेट करा. कुजलेलं लाकूड शोधायला टोच्या वापरा : नाळेच्या आतला कोपरा, बैठकीच्या खालची जागा, मागच्या फळ्याचे दोन्ही कोपरे. टोच्या सहज आत गेला तर तिथून दोन्हीकडे निदान 15 सें.मी. चांगलं लाकूड लागेपर्यंत फळी कापा आणि आठास एक उताराच्या सांध्यानं नवी घाला. नव्या फळीला साग उत्तम. तो तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसून लगेच सांधा. कोकणात होड्यांना उंडी आणि फणसही वापरतात. कोपऱ्यातल्या आधारांसाठी बाभळीच्या नैसर्गिक वाकाच्या फांदीला तोड नाही.

फायबर का नको? फळ्यांची होडी श्वास घेते, म्हणजे फळ्या सतत फुगतात आणि आटतात. बाहेरून काचेचं कवच चढवलं की आतला ओलावा कोंडतो आणि कवचाखाली बुरशी लागते. आणखी एक गोष्ट, मालवणकडचे सल्ले जसेच्या तसे घेऊ नका. तिथला मोठा शत्रू समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा. तो गोड्या पाण्यात जगत नाही. खारं पाणी मात्र बुरशीला रोखतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर नेमकं उलट आहे. इथे होडी कुजवतं ते नदीचं पाणी नव्हे, आत साचलेलं पावसाचं. त्यामुळे होडी ठेवताना उलटी, जमिनीपासून फूटभर वर, वरून छप्पर आणि चारी बाजूंनी वारा खेळेल अशी ठेवा. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका.

प्रश्न : वल्ही किती लांब करावीत? आणि कड्यात घासून लाकूड झिजतं त्यावर उपाय?
– गडहिंग्लज

वल्हं ज्यात अडकवतात त्या, दोन्ही काठांवरच्या कड्यांमधलं अंतर इंचांत मोजा. त्याचं निम्मं करा, त्यात 2 मिळवा, 25 नं गुणा आणि 7 नं भागा. अंतर 48 इंच असेल तर 26 गुणिले 25 भागिले 7, म्हणजे साधारण 93 इंच, पावणेआठ फूट. यातले 26 इंच कड्याच्या आत, बाकी बाहेर. कडं बैठकीच्या मागच्या कडेपासून 12 इंच मागे आणि बैठकीपासून 8 इंच वर घ्या. लाकूड हलकं आणि सरळ रेषांचं निवडा. मशिनच्या खोक्यांतलं पाइन उद्यमनगरात सहज मिळतं, पण त्यात गाठी असतात आणि वल्हं नेमकं गाठीवर मोडतं.

झिजेसाठी चामड्याची बाही चढवा, आणि त्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, चपलेचं म्हशीचं चामडं या कामाला फार चांगलं. तळाचं जाड चामडं नको, 3 मि.मी.पर्यंतचं मागा. 25–30 सें.मी. लांबीचा तुकडा घ्या, रुंदी वल्ह्याच्या घेरापेक्षा 3–4 मि.मी. कमी ठेवा, अर्धा तास भिजवा आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं ओढून शिवा. वाळल्यावर तो तुकडा लाकडाला असा आवळतो की वेगळा चिकटवावा लागत नाही. शिवण कड्याला घासणार नाही अशा बाजूला घ्या. चुका मारू नका. भोकांमुळे वल्हं तिथेच कमजोर होतं. नंतर अधूनमधून मेण चोळत राहा.

प्रश्न : इचलकरंजीतलं सुती कापड घेऊन शीड शिवता येईल का?
– हातकणंगले

येईल, पण साधं पॉपलिन नको. घट्ट विणीचं, चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅम वजनाचं कॅनव्हास हवं. तिरकं धरून ओढा. जितकं कमी ताणेल तितकं चांगलं. सुती शीड ओलं गुंडाळून ठेवलं की बुरशीचे ठिपके येतात, हा त्याचा मोठा दोष. आमचं मत, पहिलं शीड पॉलिथिनच्या विणलेल्या ताडपत्रीचं करा. उन्हानं ती एक-दोन हंगामांत विरते, पण तेवढ्यात आकार कसा हवा ते कळतं. मग चांगलं कापड घ्या.

बारा फुटी होडीला साडेचार चौरस मीटरचं चौकोनी, तिरक्या वाशावरचं शीड पुरेसं. सपाट कापड वारा धरत नाही, त्याला पोट हवं. वरच्या वाशालगतची कड मध्यभागी 5 सें.मी. बाहेर गोल कापा आणि पुढच्या खालच्या कोपऱ्यात काठाशी 5 सें.मी. रुंद, मीटरभर आत निमुळती होत जाणारी चुण घाला. उभा धागा मागच्या कडेला समांतर ठेवा. कोपऱ्यांत तीन-चार थरांची ठिगळं, दोरा पॉलिएस्टरचा आणि टाका झिगझॅग. पाण्यावर गेल्यावर वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सुरकुती दिसली, तर खाली ओढणारी दोरी सैल आहे. सुरकुती जाईपर्यंत ती ओढा.

प्रश्न : होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते, सुकाणू दोन्ही हातांनी धरावं लागतं. उलट वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला वळवायला गेलं की मध्येच अडकते.
– कोल्हापूर

दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यासाठी या क्रमानं जा. होडी कलू देऊ नका, वाऱ्याच्या बाजूला सरकून बसा. कललेली होडी वळतेच. मग शिडाची दोरी जरा सैल करा. तरीही ओढत असेल तर शीड वाशासकट 10 सें.मी. पुढे बांधा. होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेला फळा बिजागरीवर फिरणारा असेल तर थोडा वर घ्या, म्हणजे त्याचा जोर मागे सरकतो. फळ्याचं पाण्यातलं क्षेत्रफळही तपासा. ते शिडाच्या चार टक्क्यांच्या आसपास हवं. साडेचार चौरस मीटरला 30 बाय 60 सें.मी. बरोबर बसतं.

अडकण्याचं कारण वेग. वळण्याआधी होडी वाऱ्यापासून थोडी दूर ठेवून वेग घ्या आणि सुकाणू हळूहळू वळवा. झटक्यात वळवलेलं सुकाणू ब्रेकचं काम करतं. अडकलातच तर शीड हातानं एका बाजूला ढकलून धरा, होडी मागे सरकू लागेल. मागे सरकताना सुकाणू उलटं काम करतं हे लक्षात ठेवा.

रंकाळ्यासारख्या तळ्यावर काठच्या झाडांच्या आणि इमारतींच्या उंचीच्या आठ-दहापट अंतरापर्यंत वारा तुटक येतो. तिथे शिकू नका, मोकळ्या पाण्यात जा. कोणत्याही तळ्यावर उतरण्याआधी ज्यांच्या ताब्यात ते आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच, पोहता येत असलं तरी. दोन्ही बाजूंच्या बैठकींखाली निदान शंभर-शंभर लिटरच्या बंद हवेच्या पेट्या ठेवा. एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून, सरळ करून, पाणी उपसून बघा. होडी काठावर असताना पेट्यांची झाकणं उघडी ठेवा, नाहीतर आत घाम धरून प्लाय कुजतो.

प्रश्न : महापुरात अशी होडी मदतीला वापरता येईल का?
– करवीर तालुका

नाही. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांच्या मनात हा प्रश्न येणं साहजिक आहे, आणि त्यामागची कळकळही आम्हाला कळते. पण पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा, उसाचे बुडखे, पडलेले विजेचे खांब असतात. 6 मि.मी. प्लाय तिथे टिकत नाही आणि वल्ह्यांनी त्या ओढीला तोंड देता येत नाही. वाचवायला गेलेल्यांनाच मग वाचवावं लागतं. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरतात. पाणी 39 कडे चढू लागलं की होडी नदीकाठावरून हलवा. उंच जागेवर उलटी ठेवा, नाळेकडून आणि मागून अशा दोन जागी दोरानं बांधा, पेट्यांची झाकणं या वेळी मात्र घट्ट लावा आणि वल्ही घरात न्या.